यजमान बदलत गेले

कल्याणला आगगाडी आली ती 1 मे 1854 रोजी. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, 1864 मध्ये, गावात सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. ठाणे ते डोंबिवली या पट्ट्यात चारचौघांनी एकत्र जमण्याची जी सवय पुढे रुजली, तिचा एक धागा इथून सुरू होतो. जमायचं कशासाठी, हे काळाप्रमाणे बदललं. त्याहून जास्त बदलला तो बोलावणारा.

पहिला यजमान वाडा. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर हे पेशवाईतलं मोठं नाव. ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिराचा अठराव्या शतकातला जीर्णोद्धार त्यांच्याच नावावर आहे. कल्याणच्या त्यांच्याच सुभेदार वाड्यात 1895 पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. टिळकांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. एके काळी अधिकाऱ्याचा दरारा सांगणारी वास्तू आता व्याख्यानाला आणि कीर्तनाला येणाऱ्या गावकऱ्यांची झाली.

ठाण्यात हे काम पुस्तकांनी केलं. 1 जून 1893 रोजी इथे मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झालं. त्यामागे होते विनायक लक्ष्मण भावे. तेव्हा त्यांचं वय बावीसच्याही आत होतं. इंग्रजी पुस्तकांनी कपाटं भरायच्या त्या काळात फक्त मराठी ग्रंथ जमवायचे, ही कल्पनाच धाडसाची. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे जुन्या कवींच्या हस्तलिखितांचा शोध घेत राहिले. मुंबईचं मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं 1898 साली, म्हणजे ठाण्यानंतर पाच वर्षांनी. पुढे ठाण्यात 1960, 1988 आणि 2010 अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलनं भरली.

डोंबिवलीकडे ना पेशवाईतला वाडा होता, ना जुनी बाजारपेठ. तिथे यजमान झालं देऊळ. 1924 साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराभोवती लोकलने मुंबईला जाणाऱ्या मध्यमवर्गाची वस्ती वाढली. नोकरदाराच्या हाती उरायचे ते रविवार आणि सणावारांचे दिवस. त्यामुळे दिवाळी पहाटेचा बेतही देवळापासूनच आखला जातो: गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि मग फडके रोडवर मित्रमंडळींना गाठायचं. नवे कपडे घातलेली तरुणाई तो रस्ता इतका भरून टाकते की चालणंही मुश्कील होतं.

गुढीपाडवा मात्र बराच काळ घरच्या गुढीपुरता आणि श्रीखंडापुरता होता. 1999 साली आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा काढली. शाळा, ज्ञातिसंस्था, व्यायामशाळा, महिला मंडळं आपापले चित्ररथ घेऊन तीत उतरू लागली. काही वर्षांतच ठाणे, मुंबईतलं गिरगाव आणि इतर ठिकाणीही अशा यात्रा निघू लागल्या. आज ज्यांना ही परंपरा फार जुनी वाटते, त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म तिच्या आधीचा आहे!

या सगळ्या काळात कल्याण-डोंबिवलीच्या गावठाणांतला आगरी समाज तिथेच होता. इमारती उठल्या त्या बव्हंशी त्याच्या भातशेतीवर. व्यासपीठावर मात्र प्रामुख्याने बाहेरून येऊन स्थायिक झालेली मंडळी दिसत.

फेब्रुवारी 2017 मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. अध्यक्ष होते अक्षयकुमार काळे, आणि संमेलननगरीला डोंबिवलीकर लेखक पु. भा. भावे यांचं नाव होतं. शं. ना. नवरे यांचीही हीच डोंबिवली. पण देशभरातल्या साहित्यिकांना आमंत्रण देणारी निमंत्रक संस्था होती आगरी यूथ फोरम. मूळच्या इथल्या लोकांनी यजमानपद घेतलं, तेव्हा कल्याणच्या वाचनालयाला दीडशे वर्षं उलटून गेली होती.