नरक्या : नकोसं झाड ते औषधाचं झाड

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या रानात नरक्या फुलला की घाण वास सुटतो. नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. आमच्या आजोबांना तो बांधावरही नको असायचा.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. कॅम्प्टोथेसिनपासून पुढे कर्करोगावरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं झाली.

मग सह्याद्रीत कुऱ्हाड चालली. मुळांतही हे द्रव्य, म्हणून झाडं मुळासकट गेली. मागं एक व्यापारी आमच्याकडंही आला होता. नाही म्हटलं. बांधावर दोनच उरलेत. यंदा बिया टाकल्यात, उगवल्या की कळवतो.