मूल बोलते व्हावे म्हणून : उपचारांचा खर्च आणि मदतीच्या वाटा

धारवाड रेल्वेस्थानकालगतच्या मळमड्डीत घरी मराठी किंवा कोकणी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत कन्नड वा इंग्रजी अशा भाषांच्या सहवासात वाढणारी मुले पुष्कळ आहेत. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते आणि लोंढामार्गे धावणाऱ्या रेल्वेने ते गोव्याशीही जोडलेले आहे. अशा बहुभाषिक घरातील मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर ‘भाषांचा गोंधळ झाला आहे, बोलेल हळूहळू’ असे सांगितले जाते. ही समजूत चुकीची आहे. अनेक भाषा कानांवर पडल्याने वाचादोष निर्माण होत नाही. उलट, या दिलाशापायी उपचारांची सर्वांत मोलाची वर्षे निघून जातात आणि पुढे खर्चही वाढतो.

नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे. बहिरेपणा, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा केवळ भाषाविकासातील विलंब, यांपैकी कोणत्याही कारणाने संवाद अडू शकतो. वरवर लक्षण एकच दिसते. पण कोणती मदत मिळणार, हे निदानावर ठरते.

खर्च नेमका कशाचा?

श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रिया हा एकदाच येणारा मोठा खर्च सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. कुटुंबाचा कणा मोडतो तो मात्र आवर्ती खर्चाने. आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे लागणारे वाचा-भाषा उपचार, प्रवास, बॅटऱ्या, कानातले साचे, यंत्राची दुरुस्ती आणि मुलासोबत जाण्यासाठी पालकांपैकी एकाने सोडलेली नोकरी, या साऱ्यांची बेरीज काही वर्षांत यंत्राच्या किमतीपलीकडे जाऊ शकते. कॉक्लियर इम्प्लांटच्या बाबतीत तर शस्त्रक्रिया ही केवळ सुरुवात असते. ऐकू येणाऱ्या ध्वनीला अर्थ देण्यास मुलाला शिकवावे लागते आणि त्या शिक्षणाला वर्षे लागतात.

पहिली पायरी : प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली ‘श्रवणक्षीण’ मानली जाते. वाचा व भाषा दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे स्वतंत्र प्रकार आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासोबत मिळणारे यूडीआयडी ओळखपत्र देशभर ग्राह्य असते. दोन राज्यांमध्ये ये-जा करणाऱ्या कुटुंबांसाठी ही मोठी सोय आहे.

येथेच एक उणीव दिसते. कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेशी निगडित कारणांमुळे आलेल्या कायमस्वरूपी दोषापुरती मर्यादित आहे. केवळ भाषाविलंब असलेले किंवा अडखळत बोलणारे मूल त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही. अशा मुलांना बाल आरोग्य कार्यक्रम आणि अध्यापन संस्थांच्या उपचारकेंद्रांचाच मुख्य आधार उरतो.

केंद्र सरकारच्या योजना

*एडीआयपी योजना :* या योजनेतून श्रवणयंत्रे व अन्य साधने मिळतात. २०२२ पासूनच्या सुधारित नियमांनुसार मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण, तर ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मे साहाय्य मिळते. एकदा साधन मिळाल्यावर पुन्हा लाभ घेण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. १२ वर्षांखालील मुलांसाठी मात्र ही मुदत एक वर्षाची आहे. जन्मतः बहिऱ्या असलेल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांना याच योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळू शकते. त्याचे समन्वयन मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था करते. वयाची अट लक्षात घेता अर्जातील विलंब परवडणारा नसतो.

*निरामय आरोग्य विमा :* राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अंतर्गत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते. नावनोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. विशेष म्हणजे बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपी यांचाही ठरावीक मर्यादेपर्यंत समावेश आहे. केवळ श्रवणदोष असलेले मूल मात्र या योजनेस पात्र नाही.

*राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम :* २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात बहिरेपणा, भाषाविलंब आणि स्वमग्नता यांचा तीत अंतर्भाव आहे. अंगणवाडी व सरकारी शाळेत तपासलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथील सेवा निःशुल्क आहेत.

राज्यागणिक फरक

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारसंरक्षण आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी ‘श्रवण संजीवनी’ हा कार्यक्रम आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि दिव्यांगांना दरमहा साहाय्य देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. या योजना त्या त्या राज्यातील रहिवासाशी जोडलेल्या असतात. म्हणून धारवाडला उपचारासाठी जाणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाने आपल्या राज्याची योजना तेथील रुग्णालयात लागू होते का, हे भरतीपूर्वीच विचारून घ्यावे.

धारवाड-हुबळीतील आधार

मळमड्डीच्या पालकांसाठी जमेची बाजू म्हणजे संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. केलगेरी येथे जेएसएस संस्थेचे वाक् व श्रवण अध्यापन केंद्र आहे. स्वमग्नता किंवा वर्तनविषयक प्रश्नांसाठी धारवाडचे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थान, म्हणजे डिम्हान्स, आहे. तर कान-नाक-घसा विभागासाठी हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, जे ‘किम्स’ या नावाने परिचित आहे. अध्यापन संस्थांत विद्यार्थी अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली उपचार देतात. त्यामुळे तेथील शुल्क सहसा खासगी दवाखान्यांपेक्षा कमी असते. प्रवासखर्चासाठी परिवहन महामंडळाचा दिव्यांग सवलत पास आणि रेल्वेची भाडेसवलत यांची चौकशी अवश्य करावी.

शाळा आणि करसवलत

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानात अशा प्रत्येक मुलामागे वार्षिक ३,५०० रुपयांची तरतूद असून मुलींसाठी वेगळे विद्यावेतन आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डीडीने जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकांना ७५,००० रुपयांची, तर ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट दिली. नव्या कायद्यातील तत्सम तरतूद करसल्लागाराकडून समजून घ्यावी.

क्रम चुकवू नये

प्रथम श्रवणचाचणी, मग निदान, त्यानंतर प्रमाणपत्र व यूडीआयडी आणि शेवटी योजनांचे अर्ज, हा क्रम पाळल्यास हेलपाटे वाचतात. जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि सर्व चाचण्यांचे अहवाल एकाच धारिकेत ठेवावेत. उपचार मात्र कागदपत्रांसाठी थांबवू नयेत. प्रत्येक भेटीत तज्ज्ञांकडून घरी करावयाचा सराव लिहून घ्यावा आणि तो घरच्याच भाषेत करावा. आजी ज्या भाषेत जेवू घालते, आई ज्या भाषेत रागावते, तीच मुलाच्या बोलण्याची पहिली भाषा असते. आठवड्यातील दोन तासांच्या उपचारांना उरलेल्या साऱ्या वेळाची जोड मिळते ती याच घरगुती संभाषणातून, आणि त्यासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही.