पोलीस संघटना व निवृत्तिवेतन

पोलीस संघटना व निवृत्तिवेतन : पोलीस दलातील कर्मचाऱ्यांनी आपल्या सेवाशर्ती, विशेषतः सेवानिवृत्तीनंतर मिळणारे लाभ, न्याय्य व्हावेत म्हणून संघटितपणे केलेले प्रयत्न. या लाभांत निवृत्तिवेतन, उपदान, निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, कुटुंब निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी यांचा समावेश होतो. सरकारी सेवेतील इतर कर्मचाऱ्यांना मान्यताप्राप्त संघटनांमार्फत शासनाशी वाटाघाटी करता येतात. पोलिसांना मात्र ही मुभा फार मर्यादित प्रमाणात आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील पोलिसांचे निवृत्तिलाभ त्यांच्या स्वतःच्या संघटनेपेक्षा आयोगांच्या शिफारशी, न्यायालयांचे निर्णय आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांची आंदोलने या तीन मार्गांनी बदलत गेले. हे या विषयाच्या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीत निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीचे दान समजले जाई. निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ अन्वये त्यासंबंधीचे दावे चालविण्यास दिवाणी न्यायालयांना सामान्यतः मज्जाव होता. मात्र सावकाराला निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येऊ नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात होती. म्हणजे निवृत्त सेवकाला सावकारापासून संरक्षण मिळाले, परंतु सरकारविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग मिळाला नाही. मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांसाठी १८९० चा व मुंबई शहरासाठी १९०२ चा असे वेगवेगळे कायदे होते. त्यांची जागा १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने घेतली. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि मालाड, कांदिवली, बोरिवली ही उपनगरे महानगरात समाविष्ट झाली. लोकवस्ती वाढली तसे शहराच्या पोलीस दलाचे कार्यक्षेत्र व संख्याबळही वाढत गेले. मोठ्या संख्येने एकत्र राहणारा, वसाहतींमधून वस्ती करणारा शिपाईवर्ग हा पुढील काळातील संघटनेचा पाया ठरला.

परदेशांतील अनुभव : पोलीस संघटना व निवृत्तिलाभ यांचा संबंध प्रथम ब्रिटनमध्ये ठळकपणे पुढे आला. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी संप केला. पहिल्या महायुद्धातील महागाईमुळे वेतनवाढ ही मुख्य मागणी असली, तरी मृत पोलिसांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळावे, ही मागणीही तीत होती व ती सरकारने मान्य केली. पुढील वर्षी परिस्थिती उलटली. १९१९ च्या पोलीस अधिनियमाने पोलिसांना कामगार संघात सामील होण्यास बंदी घातली व त्याऐवजी पोलीस महासंघ ही संपाचा अधिकार नसलेली वैधानिक संस्था स्थापन केली. त्याविरुद्ध लंडन व लिव्हरपूल येथे जे पोलीस संपावर गेले, ते सर्व बडतर्फ झाले आणि त्यांचे निवृत्तिवेतनाचे हक्कही बुडाले. त्याच वर्षी अमेरिकेतील बॉस्टन येथील संपकरी पोलिसांनाही कायमचे काढून टाकण्यात आले.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ या संघटनेने पुढे संपाऐवजी विधिमंडळावर सनदशीर दबाव आणण्याचा मार्ग विशेषत्वाने अवलंबिला. ज्या सरकारी सेवकांना वेगळे निवृत्तिवेतन मिळते, त्यांच्या सामाजिक सुरक्षा लाभांत कपात करणाऱ्या १९७७ व १९८३ मधील दोन तरतुदी रद्द व्हाव्यात, म्हणून तिने अनेक वर्षे प्रयत्न केले. ५ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने या तरतुदी रद्द झाल्या. त्याचा लाभ पोलिसांप्रमाणेच शिक्षक, अग्निशामक दलाचे जवान व इतर सरकारी सेवकांनाही मिळाला. पोलीस संघटनेने इतर सेवकांच्या बरोबरीने हा प्रश्न लढविल्याचे हे अलीकडील उदाहरण होय. भारतात याच्या उलट स्थिती आढळते. येथे इतरांनी लढविलेल्या प्रश्नाचा लाभ पोलिसांना मिळतो.

भारतातील कायदेशीर स्थिती : संविधानाच्या अनुच्छेद १९ अन्वये नागरिकांना संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य आहे, तथापि अनुच्छेद ३३ अन्वये सशस्त्र सेना व सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. त्यानुसार पोलीस दले (हक्क निर्बंध) अधिनियम, १९६६ संमत झाला. त्यातील तरतुदीनुसार पोलीस कर्मचाऱ्यास केंद्र सरकारच्या किंवा विहित प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून कोणत्याही कामगार संघाचे सदस्य होता येत नाही. पूर्ण बंदी नव्हे, तर परवानगीवर अवलंबून असलेली संघटना, असे या कायद्याचे स्वरूप आहे. मान्यता देणे व ती काढून घेणे या दोन्ही गोष्टी शासनाच्या हाती राहतात.

या व्यवस्थेची पहिली कसोटी दिल्लीत लागली. तेथील अराजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाला १९६६ मध्ये मान्यता मिळाली. परंतु १९६७ मधील आंदोलनानंतर संघावर कारवाई झाली. या संघाने दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये १९६६ च्या अधिनियमाची वैधता मान्य केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या संकेतातही संघस्वातंत्र्याचा हक्क पोलिसांना किती प्रमाणात द्यावयाचा, हे ठरविण्याची मुभा प्रत्येक देशाच्या कायद्याला ठेवलेली आहे. केरळसारख्या राज्यात मात्र पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना दीर्घकाळ कार्य करीत आली आहे.

राष्ट्रीय पोलीस आयोग : धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर १९७७ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९७९–८१ या काळात आठ अहवाल सादर केले. १९७९ च्या पहिल्या अहवालात शिपायांचे वेतन, घरांची टंचाई, वरिष्ठांच्या घरी राबवून घेण्याची ऑर्डर्ली पद्धत व गाऱ्हाणी निवारणाची यंत्रणा यांचा विचार केलेला आहे. त्याच वर्षी पंजाबासह काही राज्यांत आणि केंद्रीय दलांतही असंतोषाचा उद्रेक झाला. गाऱ्हाणे मांडण्याची सनदशीर वाट नसेल, तर ते रस्त्यावर येते, याचे हे प्रत्यंतर होते.

मुंबईतील १९८२ चा उद्रेक : महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना मान्यता मिळवून काम करीत होती. वेतन, कामाचे अनिश्चित तास, निवासस्थाने व वरिष्ठांकडून मिळणारी वागणूक हे तिच्यापुढील मुख्य प्रश्न होते. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप चालू होता. शिपाई व गिरणी कामगार पुष्कळदा एकाच भागातून, एकाच कुटुंबातून आलेले व शेजारी वसलेले असल्याने शासनाला या दोहोंच्या सहानुभूतीची चिंता वाटत होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदविला. १८ ऑगस्टच्या पहाटे बाबासाहेब भोसले यांच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली व नेत्यांना अटक झाली. सेना व केंद्रीय दले शहरात आणण्यात आली. त्यानंतर नायगाव, वरळी आदी भागांत पोलीस व जमाव रस्त्यावर उतरले. दगडफेक, लूटमार व गोळीबार होऊन जीवितहानीही झाली.

अनेक कर्मचाऱ्यांना संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधील अपवादाचा आधार घेऊन चौकशीविना बडतर्फ करण्यात आले. अशा एका बडतर्फीविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये फेटाळले. बडतर्फीचा सर्वांत दूरगामी परिणाम निवृत्तिवेतनावर होतो. कारण सेवानियमांनुसार बडतर्फ सेवकाची पूर्वीची सेवा जप्त होते व त्याला निवृत्तिवेतन हक्क म्हणून मागता येत नाही. या उद्रेकाने महाराष्ट्रात पोलीस संघटनेचा प्रश्न दीर्घकाळ मागे पडला.

दानाकडून हक्काकडे : महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हे त्याच १५ ऑगस्ट १९८२ पासून अंमलात आले. त्यांनुसार किमान १० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर निवृत्तिवेतन व ३३ वर्षांच्या सेवेनंतर ते पूर्ण मिळे. ५८ व्या वर्षी निवृत्त होणारा जो शिपाई वयाच्या २५ वर्षांनंतर भरती झाला असेल, त्याला ही अट पूर्ण करणे शक्य नसे. सहाव्या वेतन आयोगानंतर पूर्ण निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा पुरेशी ठरविण्यात आली.

याच सुमारास न्यायालयांनी निवृत्तिवेतनाची संकल्पनाच बदलली. देवकीनंदन प्रसाद प्रकरणात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे दान नसून हक्क असल्याचे व ते संपत्तीच्या व्याख्येत बसत असल्याचे सांगितले. डी. एस. नकारा प्रकरणातील १७ डिसेंबर १९८२ च्या निर्णयाने निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तिवेतनधारकांत मनमानी भेद करणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविले. मुंबईतील उद्रेकानंतर अवघ्या चार महिन्यांनी आलेला हा निर्णय पोलिसांनाही लागू पडणारा होता. संघटना मोडली, तरी व्यक्ती म्हणून न्यायालयात जाण्याचा मार्ग त्यामुळे प्रशस्त झाला. शिवाय १९६६ च्या अधिनियमातील निर्बंध सेवेत असलेल्यांपुरते असल्याने निवृत्त पोलिसांना आपल्या संघटना स्थापन करता येतात.

पदोन्नती व निवारा : निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनावर आधारलेले असल्याने पदोन्नतीतील कुंठा आयुष्यभर पुरते. शिपाई म्हणून भरती झालेला कर्मचारी पुष्कळदा हवालदार किंवा साहाय्यक फौजदार म्हणूनच निवृत्त होई. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलीस नाईक हे पद रद्द करून शिपायाला निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षकपदापर्यंत पोहोचता यावे, अशी रचना केली. हा सेवाविषयक निर्णय असला, तरी त्याचा परिणाम निवृत्तिलाभांवरही होतो.

मुंबईत दुसरा प्रश्न निवाऱ्याचा आहे. निवृत्तीबरोबर सरकारी निवासस्थान सोडावे लागते. त्याची थकबाकी असल्यास ती उपदानातून वसूल होते. शहरातील घरांच्या किंमती पाहता शिपायाचे उपदान व अंशराशीकरणाची रक्कम मालाडसारख्या उपनगरातही घर घेण्यास क्वचितच पुरते. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तेथे राहणाऱ्या सेवारत व निवृत्त पोलिसांच्या कुटुंबांना मालकीची घरे द्यावीत, ही मागणी या अडचणीतूनच पुढे आली. शासनाने २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरासाठी प्रथम ५० लाख, नंतर २५ लाख व अखेरीस १५ लाख रुपये अशी किंमत ठरविली. किंमत दोनदा खाली आली, ती कुटुंबीय व लोकप्रतिनिधी यांच्या पाठपुराव्यानंतर.

अंशदान योजना व तिला विरोध : १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना १९८२ च्या नियमांऐवजी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली, पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली. कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम भरतो. शासनाचा वाटाही आरंभी तेवढाच होता व २०१९ पासून तो १४ टक्के झाला. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वर्षासन घ्यावे लागते. निवृत्तिवेतन किती मिळेल, याची शाश्वती राहिली नाही. सेवेच्या प्रारंभीच मृत्यू आल्यास जमा रक्कम अल्प असते. ही त्रुटी पोलिसांसारख्या जोखमीच्या सेवेत विशेष जाणवणारी होती.

याविरुद्धचा लढा मुख्यतः नागरी कर्मचारी व शिक्षक यांच्या संघटनांनी दिला. १९७७–७८ मधील ५४ दिवसांच्या संपापासून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांच्या चळवळीची बांधणी झालेली होती. १४ ते २० मार्च २०२३ या काळात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली झालेल्या संपात लाखो कर्मचारी सामील झाले. पोलीस संपावर जाऊ शकत नव्हते. बंदोबस्ताचे कर्तव्य त्यांच्याकडेच होते, आणि २००५ नंतर भरती झालेल्या शिपायाचे हितसंबंध मोर्चेकऱ्यांच्या मागणीशी जोडलेले होते. संपानंतर सुबोध कुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. ३१ मार्च २०२३ च्या शासननिर्णयाने नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन व उपदान मान्य केले. ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, त्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय देण्यात आला. मार्च २०२४ मध्ये अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी देणारी सुधारित योजना जाहीर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

मूल्यमापन : पोलिसांनी संप करू नये, या तत्त्वाला व्यापक मान्यता आहे; १९८२ मधील घटनांनी त्यास बळच मिळाले. तथापि संपाचा अधिकार आणि आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनने १९१९ मध्ये पहिला काढून घेताना दुसऱ्यासाठी पर्यायी संस्था निर्माण केली. महाराष्ट्रात १९८२ नंतर दोन्ही एकदमच संपले. परिणामी सर्वसाधारण कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांत पोलिसांना वाटा मिळत गेला. परंतु अनियमित कामाचे तास, रात्रपाळी, जोखीम व त्यांमुळे खालावणारे आरोग्य या पोलीसी सेवेच्या खास बाबींचा निवृत्तिलाभांशी संबंध जोडून बोलणारी प्रातिनिधिक यंत्रणा उभी राहिली नाही. अशी यंत्रणा शिस्तीला बाधा न आणता कशी निर्माण करावी, हा राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न या इतिहासातून अनुत्तरितच राहिलेला दिसतो.