सांधा आणि जोडाक्षर

बारामती हे मोरोपंतांचे गाव. पंतांच्या काळी, म्हणजे १७२९ ते १७९४ या वर्षांत, अक्षर बोरूने कागदावर उतरे, आणि लिहिणारा आपला बोरू आपणच तासून घेई. पुढे अक्षर यंत्रावर गेले आणि ही सवय सुटली. ती पुन्हा धरावी म्हणून आम्ही संगणकाचा कळफलक सुटे भाग आणून स्वतः जोडावयास घेतला. कळा एकसष्ट, प्रत्येकीला धातूचे दोन पाय. म्हणजे डाख देऊन, आजच्या भाषेत सोल्डरिंग करून, एकशे बावीस सांधे करावयाचे!

ही विद्या नवी नव्हे. भांड्याला कल्हई करणारा नवसागराने आधी तांबे-पितळ स्वच्छ करी आणि मगच कथील फिरवी. गळक्या डब्याला डाग देणाराही तेच जाणे: मळावर धातू धरत नाही. आमच्या कामात नवसागराऐवजी राळ असते, एवढाच फरक. कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ वर. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले, की मिश्रण १८३ अंशांवरच पाणी होते. दोघे मिळून एकेकट्यापेक्षा लवकर विरघळतात! या गुणामुळेच नाजूक भाग न जळता सांधता येतात. मात्र शिसे विषारी. खिडकी उघडी ठेवावी, काम संपताच हात धुवावेत.

नवशिक्याची चूक एकच. तो डाखाची तार तापवितो, सांधा तापवीत नाही. आमचेही तसेच झाले. पहिल्या दिवशी लिहिलेले ‘बारामती’ व ‘इंदापूर’ हे दोन्ही शब्द बिनचूक उमटले, आणि आम्ही संतुष्ट झालो. मग ‘महाराष्ट्र’ लिहावयास गेलो, तो उमटले ‘महाराषटर’! हलंताच्या कळेखालचा सांधा वरून चकचकीत, आतून थंड होता.

येथे इतिहासाचा एक धागा हाती लागतो. १९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला. देवनागरी टंकलेखकावर अर्धी अक्षरे तयार असत. प्रत्येकीसाठी निराळा खिळा. १९८६ साली प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीने ती गर्दी काढून टाकली. अर्धे अक्षर ठेवलेच नाही; दोन पूर्ण अक्षरांमध्ये हलंत दाबावा आणि जोडाक्षर यंत्राने घडवावे. सोय मोठी झाली, पण सारा भार एका कळेवर आला. ती मुकी झाली, की ‘सत्य’, ‘स्वातंत्र्य’ यांतले काहीच धड लिहिता येत नाही.

एके काळी डाख देण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई; इतरांना ती दुरून पाहावी लागे. आज ती कोणासही शिकता येते, हा लहान लाभ नव्हे. आम्ही तो सांधा उकलला, पाय स्वच्छ केले, आधी धातू तापविला, मग तार लावली. ‘महाराष्ट्र’ नीट उमटले.