विद्युत् तंत्रिका-उद्दीपन, पादविकारातील

विद्युत् तंत्रिका-उद्दीपन, पादविकारातील : त्वचेवर चिकटविलेल्या किंवा शरीरात बसविलेल्या विद्युत्-अग्रांतून सौम्य प्रवाहाचे स्पंद सोडून पायांतील तंत्रिकाजन्य वेदना शमविण्याची पद्धती. अशा वेदनेच्या मुळाशी असलेल्या तंत्रिकाविकाराचे प्रमुख कारण मधुमेह असून अतिमद्यपान, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कुष्ठरोग व कर्करोगावरील काही औषधे यांमुळेही तो जडतो. शरीरातील सर्वांत लांब तंतूंची टोके बहुधा प्रथम बाधत असल्यामुळे मुंग्या आणि रात्री बळावणारी आग यांची सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, आणि पुढे बधिरता इतकी वाढते की चप्पल वाटेत निसटली तरी चालणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

विजेचा हा उपयोग वाटतो तितका अर्वाचीन नव्हे. वातरक्ताने पीडित रुग्णाने समुद्रकाठच्या ओल्या जागी उभे राहून टॉर्पेडो या विजेचा धक्का देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवावा व गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो तो काढू नये, असा इलाज रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नमूद केला आहे. त्यामागील कार्यकारणभावाची समाधानकारक मीमांसा मात्र रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतापर्यंत लांबली. स्पर्शाच्या जाड तंतूंतून आलेले संदेश मेरुरज्जूतील नाक्यावर वेदनेच्या बारीक तंतूंची वाट अडवितात, असे त्याचे सार. ठेच लागताच अंगठा चोळून बरे वाटते ते याच न्यायाने. सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण चिकित्सेला दिशा मिळाली ती त्यातूनच.

प्रचलित यंत्र खिशात मावणारे व बॅटरीवर चालणारे असते. सेकंदाला सुमारे ८० ते १२० स्पंद दिल्यास झिणझिण्या जाणवतात. दोन ते चार स्पंदांच्या मंद पद्धतीत स्नायू फडफडतात आणि शरीरातील अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे मानतात. आराम बहुधा तात्पुरता असतो. गुणाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही: अमेरिकन तंत्रिकावैद्यक अकादमीने २०१० मध्ये मधुमेहजन्य वेदनेवर ही पद्धती बहुधा परिणामकारक ठरविली, तर २०१७ च्या कोक्रेन समीक्षेने तंत्रिकाजन्य वेदनेविषयीचा एकंदर पुरावा अत्यंत कमी प्रतीचा म्हणून निकाल देण्याचेच नाकारले.

वेदना शमली म्हणजे तंत्रिका सुधारली असे नव्हे. जाहिराती हा भेद सोयीस्करपणे गाळतात. पूर्ण बधिर झालेल्या तळव्यावर अग्रे लावू नयेत, कारण तेथे प्रवाहाने त्वचा भाजली तरी रुग्णास कळत नाही. उघडी जखम किंवा हृदयातील पेसमेकर असल्यास वैद्याच्या अनुज्ञेवाचून यंत्रास हात लावू नये. साखरेचा बंदोबस्त आणि तळव्यांची रोजची तपासणी यांतून यंत्र कोणासही मुक्त करीत नाही.

मेरुरज्जूलगत अग्रे बसवून सेकंदाला १०,००० स्पंद देणाऱ्या उपचारास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मधुमेहजन्य वेदनेसाठी मान्यता दिली. परंतु शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्गाचा संभव व भारी खर्च लक्षात घेता, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपुरताच तो राखून ठेवला जातो.