खिशातल्या कॅमेऱ्याची कुळकथा

भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड वाचणारा आणि परदेशातल्या नातवाला आजीसमोर आणणारा मोबाईलचा कॅमेरा सिलिकॉनच्या ज्या चिपवर चालतो, तिचं आजचं रूप कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात ठरलं. तिथली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल, कॅलटेक ही विद्यासंस्था नासासाठी चालवते. खिशात मावेल असा कॅमेरा हवा, असं तिथं कुणाच्या मनातही नव्हतं. जिवाला घोर होता तो यानाच्या वजनाचा आणि विजेचा.

तोवर अवकाशातली छायाचित्रं सीसीडी नावाच्या चिपवर टिपली जात. 1969 साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ती शोधली. 1989 साली गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानावर तीच, हबल दुर्बिणीवरही तीच. तिच्यावर प्रकाश पडला की प्रत्येक पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठतात. हा साठा मग शेजारच्या पिक्सेलमध्ये, तिथून पुढच्या, असं करत काठावरच्या मोजणीच्या जागी न्यावा लागतो. आग विझवायला माणसं रांगेनं बादल्या पुढे देतात तसा. हजारो वेळा हातबदल, आणि वाटेत सांडून चालत नाही. त्यासाठी वेगवेगळे व्होल्टेज लागतात, चिपबाहेर वेगळी सर्किटं लागतात, वीजही भरपूर जाते. त्यात अवकाशातले वेगवान कण सिलिकॉनच्या रचनेत खोट पाडतात आणि गळती वाढते.

1992 साली डॅनियल गोल्डिन नासाचे प्रमुख झाले. यानं छोटी करा, लवकर बनवा, स्वस्तात बनवा, हा त्यांचा आग्रह होता. जेपीएलमध्ये 1990 साली आलेल्या एरिक फॉसम यांनी हातबदलाच्या मुळालाच हात घातला. प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर दिला. साठा पिक्सेलच्या आतच एकदा सरकतो आणि तिथंच मोजला जातो. मोजणीची जागा आधी रिकामी असताना मोजायची, मग साठा आल्यावर, आणि वजाबाकी करायची. या वजाबाकीत मोजणीतला बराचसा गोंगाट निघून जातो. मला या सगळ्या शोधातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. शिवाय ही चिप सीमॉस पद्धतीची, म्हणजे संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यांतच होणारी. त्यामुळे नियंत्रणाची सर्किटं तिच्यावरच बसली आणि विजेची गरज कितीतरी उतरली.

हे कूळ एका घरचं नाही. पिक्सेललाच ॲम्प्लिफायर देण्याचे प्रयत्न 1960च्या दशकातही झाले होते. आज घरोघरच्या फोनमध्ये असलेला पिन्ड फोटोडायोड, म्हणजे पिक्सेलमधला प्रकाश टिपणारा भाग, जपानच्या एनईसी कंपनीतल्या नोबुकाझू तेरानिशी यांचा. जेपीएल आणि कोडॅक यांनी 1995 साली तो सीमॉस चिपेत आणला.

शोध लागला म्हणून तो घरी पोचत नाही, हे इथं लख्ख दिसतं. अमेरिकेत 1980 साली बे-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे हक्क विद्यापीठाला ठेवता येऊ लागले, आणि परवाना देऊन ते उद्योगाकडे सोपवण्याची वाट मोकळी झाली. पण सीसीडीत पैसा गुंतलेल्या उद्योगाला घाई नव्हती. शेवटी 1995 साली फॉसम, सॅब्रिना केमेनी आणि काही सहकाऱ्यांनी फोटोबिट ही कंपनी काढली आणि कॅलटेककडून परवाना घेतला. प्रयोगशाळेतल्याच माणसांनी बाहेर पडून दुकान थाटलं म्हणून हे जमलं, असं माझं मत आहे. 2001 साली मायक्रॉननं ती कंपनी घेतली. अवकाश मोहिमांनी मात्र सीसीडीची साथ लगेच सोडली नाही. पण 2021 साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या नासाच्या गाडीला वाट दाखवणारे कॅमेरे सीमॉसचे आहेत.

फोटोबिटच्या चिपा आधी वेबकॅममध्ये गेल्या, दंतवैद्यांच्या एक्स-रे उपकरणात गेल्या आणि एका गोळीतही गेल्या. इस्रायलच्या गिव्हन इमेजिंगची ही गोळी 11 मिलिमीटर जाड, 26 मिलिमीटर लांब. अमेरिकेत 2001 साली तिला मंजुरी मिळाली. रुग्णानं ती पाण्याबरोबर गिळायची. आत दिवे लुकलुकतात, सेकंदाला दोन छायाचित्रं निघतात आणि कमरेच्या पट्ट्यातल्या यंत्रात साठतात. लहान आतड्याचा मधला भाग एंडोस्कोपीच्या नेहमीच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येत नसे. तिथं नेमकं कुठून रक्त जातंय, हे पोट न उघडता डॉक्टरांना दिसू लागलं.