कंपोस्ट व शेणखत (वऱ्हाड)

वऱ्हाडात शेणखत उन्हाळ्यात शेतात पसरून वखराच्या पाळीने मातीत मिसळतात. जनावरे घटली तसे शेण अपुरे पडू लागले. त्यावर पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कंपोस्टची ‘नाडेप’ पद्धत शोधली.

१० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा विटांच्या टाक्यात काडीकचरा, माती आणि जेमतेम १०० किलो शेण यांचे थर रचतात. भिंतींतल्या झरोक्यांतून हवा खेळते. ओल टिकवली, तर सुमारे ४ महिन्यांत खत तयार!

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील ज्वारी-गव्हाच्या दीर्घकालीन प्रयोगांत रासायनिक खतांना शेणखताची जोड दिल्यावर उत्पादन आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब, दोन्ही वाढले.

कापसाच्या वेचणीनंतर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) जाळू नये. बारीक करून खतासाठी कुजवावी.